विस्तव कोणी नेला

ता. ११ फेब्रुवारी १९३४, रविवार. पळसकोंड

महाडच्या शाळेतून तीन आठवड्यांची रजा मिळाली. अर्जात कारण लिहिले, आईचे दुखणे. आई ठणठणीत आहे. पोलादपुरापर्यंत मोटार आणि पुढे तीन कोस चढ तुडवून मी काल पोचले, तेव्हा ती परड्यात उभी राहून कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होती. मला पाहून म्हणाली, "आलीस? कशाला आलीस?" आमच्याकडे मायेचे बोलणे हे असे असते.

बोलावणे गावाचे आहे. पळसकोंडात दोन आळ्या, वरची आणि खालची, मध्ये वहाळ, म्हणजे ओढा. एकोणीसशे सहाच्या शिमग्यात काळकाईची पालखी आधी कोणाच्या दारी न्यायची यावरून जुंपली आणि गाव उभा फुटला. डोकी फुटली, चौघे तुरुंगात गेले, पाणवठे वेगळे झाले, होळ्या दोन झाल्या. बायका त्याला 'तटाचं साल' म्हणतात. त्याच चैत्रात आमचा गोठा पेटला. बैल सोडवायला आत शिरलेले माझे वडील, हैबती, अंगावर आढे पडून गेले. माझा भाऊ मोरू तेव्हा बारा दिवसांचा होता. त्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षे वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीत पाणी पीत नाही.

आता मुंबईला गिरणीत गेलेली दोन्ही आळ्यांची मुले एकाच खोलीत राहतात, एकाच चुलीवरचे जेवतात. त्यांनी पत्र धाडले की होळी एक होणार असेल तरच यंदा शिमग्याला येऊ. पत्र मोरूच्या हातचे, शुद्धलेखन भयंकर. म्हाताऱ्यांचे धाबे दणाणले, कारण मुले नसतील तर पालखी उचलणार कोण? पण वरची आळी अडून बसली आहे की आधी हैबतीच्या आगीचा निवाडा. त्या सांजेला पुरुष सगळे काठ्या घेऊन देवळापाशी होते. घरांत होत्या बायका आणि पोरी. बायका बहुतेक गेल्या, पोरी सासरी नांदताहेत. त्यांना बोलावून जबान्या लिहून घ्यायच्या, आणि गावात लिहिणारी बाई मी एकटी.

निवाडा म्हणजे ठमाबाईचा. आग तिने लावली असे वरची आळी धरून आहे. ती स्वतः खालच्या आळीतली, पण तटात विस्तव-पाणी बंद असताना तिने वरच्यांना विस्तव दिला म्हणून खालच्या आळीनेही तिला टाकले. तेव्हाच्या गावसभेत ती एवढेच बोलली होती की मी विस्तव दिला. कोणाला, ते सांगितले नाही. अठ्ठावीस वर्षांत दोन्ही आळ्यांचे एकमत झाले ते फक्त तिला वाळीत टाकण्यावर. आता ती खंगली आहे. शिमग्यापर्यंत ती गावात परत आली नाही तर तिला न्यायला चार खांदे मिळायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खालच्या आळीचे गोमाजीकाका आणि वरच्या आळीचे महिपतआबा यांच्यापुढे मी एक नियम घातला. त्या साली जी सात वर्षांच्या आत होती, तिची जबानी धरायची नाही. लहान मुलांना घडलेले आठवत नाही, ऐकलेले आठवते. वर्गात रोज पाहते मी. मी स्वतः सहा वर्षांची होते. मला त्या सांजेचे काडीचेही आठवत नाही, तापाने फणफणले होते म्हणे. तेव्हा माझ्याइतके निःपक्षपाती दुसरे कोण? दोघांनीही माना डोलावल्या.

ता. १३

रंगूबाई आली. वरच्या आळीची, त्या साली अकरा वर्षांची. आता महाडजवळ दिलेली आहे. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले:

"खालच्या आळीतली तुळशी माझी जिवाची मैतरीण. आय म्हनाली, तिच्याशी बोलशील तर जीभ हासडीन. मग आम्ही वहाळाच्या दगडाखाली एकमेकीला करवंदं ठेवायचो. एक दिस हात घातला तर करवंदांत काच. बोट फाटलं. तुळशीनं नाय ठेवली, तिच्या भावानं ठेवली असंल. पन मी घरी जाऊन तिचंच नाव सांगितलं. त्या सांजेला माझ्या बानं त्यांच्या दारात कोयता फेकला. आम्ही पोरी अंगातल्या कपड्यानिशी निजायचो गो. ढोल वाजला की डोंगरात पळायचं, असं ठरलेलं. अजून माझ्या सासरी वरातीचा ढोल वाजला तरी मी पहिल्यांदा पोरं मोजत्ये."

आगीच्या सांजेबद्दल विचारले. म्हणाली, "एक पोर दारात आली, करवंटी घेऊन, विस्तव मागायला. दिवा लागला व्हता. आय म्हनाली, तिन्हीसांजेचा विस्तव देत नाय, घरातली लक्ष्मी जाते. हाकललंन तिला."

"कोणाची पोर?"

रंगूबाई माझ्याकडे बघत राहिली, पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "काळोख पडत व्हता." चाळिशीतच विस्मरण सुरू झालेले दिसते.

ता. १५

तुळसा आली. त्या साली नऊ वर्षांची. ओट्यावर रंगूबाई भाकरी खात होती, ही पायरीवर उभी. अठ्ठावीस वर्षांनी समोरासमोर. मला वाटले, गळ्यात पडतील. रंगूबाईने नुसते बोट पुढे केले, त्यावरचा पांढरा वण दाखवायला. तुळसा म्हणाली, "माझं घर जाळलंन असतं तुझ्या बानं." मग दोघी बसल्या, चार हात अंतर ठेवून. मला रडू येईल की काय असे वाटले म्हणून मी दौत शोधायला आत गेले.

तुळसाची जबानी: त्या सांजेला ती वहाळात उतरली होती, दगडाखाली काही आहे का बघायला. काठावरच आमचा गोठा आणि पेंढ्याची उडवी. "एक बारकी पोर आमच्या आळीकडून वर गेली. करवंटीत इंगळ. करवंटी तापली असनार, ह्या हातातनं त्या हातात करीत चाललेली. उडवीपाशी खाली ठेवलीन नि हात फुंकीत बसली. तेवढ्यात घरात तान्हं रडलं, तशी ती तशीच धावली. मग वारा आला."

मी विचारले, खालच्या आळीतले कोणी वर गेले होते का? नाही म्हणाली. ठमाबाई? ती तर दारातच उभी होती. मग ती पोर कोणाची? ठमाबाईला मूल नाही. तुळसा म्हणाली, "लिवू नको, मास्तरीणबाय. जाऊ दे."

अंधारात, वहाळातून, नऊ वर्षांच्या मुलीला कोणाचे हात भाजलेले दिसतात? ठमाबाईला वाचवायला रचलेली कथा असणार, किंवा रंगूबाईचे ऐकून जोडलेली. मी आडवी रेघ मारून ती जबानी खोडली आणि बाजूला 'ऐकीव' असा शेरा दिला. तुळसाने रेघ पाहिली आणि हुश्श केले. हे मात्र विचित्र वाटले.

ता. १६

आईने दौत राखेत उपडी केली. मांजराने सांडली म्हणते. आमच्याकडे मांजर नाही.

जबान्यांचा विषय काढला की ती भांडी आपटते. वरच्या आळीची कड घेते, दुसरे काय. ठमाबाईला गोठ्यापाशी पाहिल्याचे सभेत आईनेच सांगितले होते. शब्द मागे घ्यायचा म्हणजे नाक कापल्यासारखे होणार. आणि गंमत अशी की आई आणि ठमाबाई एका माहेरच्या, एका पाटावर न्हालेल्या. तट पडला आणि ते सगळे संपले.

आईविषयी लिहायला बसले की माझी लेखणी कडू होते. वडील गेल्यावर महिन्याच्या आत तिने मला महाडला मामांकडे पाठवून दिले. मोरूला पोटाशी ठेवले. मामा कोर्टात पट्टेवाले, त्यांनी शाळेत घातले, लग्न केले, विधवा होऊन आले तेव्हा पुन्हा शाळेत घातले. माझे भले झाले, हे मान्य. पण सहा वर्षांच्या मुलीला वहाळापर्यंतदेखील पोचवायला ती आली नव्हती, एवढे आठवते. का, ते मी कधी विचारले नाही. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न कशाला विचारायचा? मुलगा तो मुलगा.

ता. १९

ठमाबाईकडे गेले. वहाळाच्या वरच्या अंगाला खोपटे. ती अंथरुणावर बसून खोकत होती. मला पाहून तिने आधी माझा उजवा हात ओढला, उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला. हात बघायची विद्या येत असेल.

"हैबतीची आवडी तू. शिकलीस. बरं झालं."

मी वही काढली. तिचा नवरा रामा सात वर्षांमागे वारला, तेव्हा दोन्ही आळ्यांतून एक माणूस आला नाही. तिने त्याला शिडीला बांधला आणि एकटीने ओढत स्मशानात नेला. वाटेत दोनदा शिडी उलटली. हे तिने भाताच्या पेऱ्याबद्दल सांगावे तसे सांगितले. मग म्हणाली, "मला शिडी नको. चार मानसं हवीत. तुझ्या वहीनं जमंल का तेवढं?"

मी म्हटले, जमेल, पण विस्तव कोणाला दिलास ते सांगावे लागेल.

"एका घरात बाळंतीण व्हती. चूल विझलेली, शेकायला विस्तव नाय. तट बापयांचा, बायकांचा नाय. बाळंतीण काय तटाची असते?"

"पण न्यायला कोण आले?"

"नाय आठवत."

"शिडी किती वेळा उलटली ते आठवते, आणि हे आठवत नाही?"

ती हसली. पुढे काही केल्या बोलेना. हट्टी म्हातारी आहे. स्वतःचा जीव सुटायची किल्ली हातात घेऊन बसली आहे आणि मूठ उघडत नाही.

ता. २०

पद्धतशीर कामाला लागले. बाळंतीण सापडली की घर सापडेल, घर सापडले की विस्तव नेणारे माणूस. रंगूबाईला आणि दोन म्हाताऱ्यांना विचारून त्या चैत्रात वरच्या आळीत जन्मलेल्या मुलांची यादी केली.

यादीत नाव एकच आहे. मोरू.

म्हणजे ठमाबाईकडे आमच्या घरून कोणी तरी गेले. बाबा देवळापाशी होते. आई बाराव्या दिवसाची. आमच्या घरात तेव्हा आणखी

ता. २१

कालचे वाक्य पुरे करते. आमच्या घरात तेव्हा आणखी मी होते.

आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवले नाही, मान वर केली नाही, सगळे सांगून टाकले. मोरू गारठला होता, चूल विझली होती. तिने मला करवंटी देऊन रंगूबाईच्या आईकडे पाठवले. तिथे नाही मिळाला म्हणून मी वहाळ उतरून ठमाबाईकडे गेले, कारण तटाआधी रोज तिच्याकडेच जात असे. तट म्हणजे काय ते मला कळतच नव्हते. हात पोळले म्हणून करवंटी उडवीपाशी टेकली. मोरू रडला म्हणून धावले.

"तुझे हात मी बघितले, तेवढ्यात बाहेर उजेड झाला," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझा चुलता मला गदागदा हलवून विचारत होता, गोठ्याकडे कोण आले होते, बोल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच्या तोंडून निघाले, ठमी आली होती. जवळचे नाव तेच होते.

"बापाला खाल्लेली म्हनाले असते तुला. जल्मभर. तुला न्हेऊन वहाळात बुडवली असती तरी कोनी इचारलं नसतं. म्हनून महाडला धाडली. वहाळापर्यंत आल्ये असते तर तुला सोडलीच नसती, म्हनून नाय आल्ये."

"आणि ठमाबाई?"

सूप थांबले. "ती एका सबुदानं सुटली असती. मी रोज वाट बघितली, आज सांगंल, उद्या सांगंल. नाय सांगितलंन."

मी बाबांना मारले. हे वाक्य लिहून बघितले. लिहिता येते. चौतीस वर्षांची बाई आहे मी, शाळेत पन्नास मुली माझ्या धाकात असतात, आणि आज दुपारभर आईच्या मांडीवर डोके ठेवून पडले होते. तिने एकदाही केसांवरून हात फिरवला नाही. तांदूळ निवडत राहिली, आणि तरीही मला तिथून उठवेना.

ता. २४

निर्णय झाला. सभेत वाचायचे, सगळे. आई तीन दिवस बोलत नाही. ठमाबाईला रक्त पडू लागले आहे. होळीला पाच दिवस उरले.

भीती वाटते. नोकरीची नाही, लोकांची नाही. मोरू मुंबईहून परवा येतो. त्याच्या तोंडाकडे कसे बघायचे याची वाटते.

ता. २८

आज सभा झाली. 

देवळापुढे वरची आळी एकीकडे, खालची दुसरीकडे, मध्ये मी. मुंबईची मुले पारावर. ठमाबाईला चौघी बायकांनी झोळीतून आणून देवळाच्या दगडी गडग्याबाहेर बसवले होते. आत यायची तिला अजून परवानगी नव्हती. मी रंगूबाईची जबानी वाचली. मग खोडलेली तुळसाची वाचली. मग वही मिटली आणि म्हटले, "ती पोर मी. विस्तव मी नेला. करवंटी मी ठेवली. ठमाबाईचा काही दोष नाही."

 मोरू पारावरून उतरला आणि अर्ध्यात थांबला.

आणि आई उठली. सभेत बाई उठत नाही आमच्याकडे. म्हणाली, "खोटं बोलतीय. पोर तापानं निपचित पडलेली. विस्तवाला मी गेल्ये व्हते. उडवीपाशी मी ठेवला. नवऱ्याच्या मरनाला मीच कारन."

महिपतआबा कसेबसे म्हणाले, "येसूबाय, सुवेरात व्हतीस ना तू?"

"बारावा दिस. व्हय, सुवेरात."

दोन्ही आळ्यांतून एकच आवाज उठला. बाळंतिणीने बारा दिवस दुसऱ्याच्या उंबऱ्याला शिवायचे नाही, विस्तवाला तर नाहीच. आणि हिने सुवेरात, तिन्हीसांजेला, शत्रूच्या चुलीतला विस्तव आणला. काळकाई कोपली नसती तरच नवल, असे बायकासुद्धा म्हणू लागल्या. अठ्ठावीस वर्षे ज्याला उत्तर नव्हते त्याला उत्तर मिळाले. सगळ्यांना ते एकदम पटले. मला दिसत होते, पटत चालले आहे.

मी ओरडले. यादी दाखवली, तुळसाला विचारा म्हटले. तुळसा खाली बघत म्हणाली, "तूच खोडलंस ना? मग ऱ्हाऊ दे खोडलेलं." गोमाजीकाका समजुतीने म्हणाले, "पोरी, तू सहा वरसांची. सातच्या आतलं धरायचं नाय, हा नियम तुझाच. आयसाठी जीव तुटतो, समजतं आम्हाला."

मग ते गडग्याकडे वळले. "ठमे, देवीसमोर सांग. विस्तव कोनाला दिलास?"

ठमाबाईने आधी माझ्याकडे पाहिले. मग आईकडे, बराच वेळ. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या आणि सभा थांबली होती. मी मान हलवत होते, सांग, खरे सांग.

"येशीला," ठमाबाई म्हणाली. "येशीच्या हातात दिला."

निवाडा झाला. ठमाबाई गावात. येसूबाई पुढच्या शिमग्यापर्यंत वाळीत, सुवेर मोडला म्हणून आणि देवीपुढे खोटे बोलली म्हणून. होळी एक.

ठमाबाईने मला वाचवले, की आईवर उगवून घेतले? मला कळत नाही. आईला विचारले, तर म्हणाली, "तिला जे करायचं ते तिनं केलंन. तू जेव."

ता. २ मार्च

काल होळी एक झाली. आज पालखी फिरली. मोरूने खांदा दिला होता. पालखी आमच्या दारावरून न थांबता पुढे गेली, तेव्हा त्याने मान वळवली नाही. दोन्ही आळ्यांचे ढोल एका तालात होते.

मी आईला म्हटले, वर्षभर इथे एकटी काय करशील, चल माझ्याबरोबर महाडला.

"मी गेल्ये तर त्यांना दुसरं कोनी लागंल," ती म्हणाली आणि भाताला आधण ठेवले. बऱ्याच दिवसांनी ती नीट जेवली.

ता. ३

उद्या निघायचे. सकाळी गोमाजीकाका आणि महिपतआबा आले, उंबऱ्याबाहेरच थांबले. देवळात ठेवायला निवाड्याचा कागद हवा होता, स्वच्छ अक्षरात. गावात लिहिणारे दुसरे कोणी नाही.

मी म्हटले, मी लिहिणार नाही. महिपतआबा म्हणाले, कागदावर ठमाबाईचा अंगठा लागल्याशिवाय आमच्यातली पोरं तिला खांदा द्यायला तयार व्हायची नाहीत. तिचे आज-उद्याचे राहिले आहे.

आईने आतून पाट आणून माझ्यापुढे ठेवला. दौत ठेवली. "नीट लिव," म्हणाली.

मी लिहिले. 'विस्तव येसूबाई कोम हैबती हिने नेला.' रेघेवर, शुद्ध, वर्गात फळ्यावर लिहिते तसे. ठमाबाईला झोळीतून उचलून ओट्यापर्यंत आणली. चौघांनी आणली, दोन वरच्या आळीचे, दोन खालच्या. तिने आपला अंगठा स्वतः उठवला.

आईला अंगठा कसा उठवायचा ते ठाऊक नव्हते. मी तिचे मनगट धरले, अंगठा शाईत बुडवला आणि माझ्या अक्षराखाली दाबला. तिने विचारले, "पुरे का?"

पुरे, म्हटले.